चाकाच्या घरातले शब्द

चैत्र सरत आला की आमच्या घरातलं लाकूड बोलायला लागतं. दुपारी सगळे आडवे झाले की आधी कपाटाची फळी कटकन वाजते, मग दाराची चौकट, मग माळ्यावरचं आडं. सोलापूरचं ऊन लाकडातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं आणि लाकूड आवळत जातं, त्याचा हा आवाज. नातसुना दचकतात. मी दचकत नाही. मला वाटतं, आता गाड्या येतील.

गाड्या येणार नाहीत हे मला कळतं. आता बैलगाडीलासुद्धा रबरी टायर आले आहेत, आणि रबर काही उन्हानं आवळत नाही. पण मी सांगते आहे ती गोष्ट सोलापुरात तीस साली मार्शल लॉ येऊन गेल्यावर दोन-तीन वर्षांनी आलेल्या उन्हाळ्याची. तेव्हा चैत्र-वैशाखात आमच्या दारापुढे गाड्यांची रांग लागायची. उन्हानं चाकाचं लाकूड आवळलं की त्याच्यावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, सैल पडायची. सैल धावेची गाडी खडखडत चालायची आणि गल्लीच्या तोंडाशी असतानाच घरात कळायचं की गिऱ्हाईक आलं. लोक आधी चाकं विहिरीच्या डोणीत भिजत घालून बघत. लाकूड दोन दिवस फुगे आणि पुन्हा आवळे. मग नाइलाजानं आमच्याकडे येत. आम्ही धाव काढायचो, कापून लहान करायचो, जोडून गोवऱ्यांच्या आगटीत तापवायचो आणि पुन्हा चढवायचो. धाव चाकापेक्षा बोटभर लहान ठेवायची असते. तापली की ती वाढते आणि चाकावर बसते. वरून पाणी पडलं की आवळते आणि चाकाचे सगळे सांधे एकमेकांत रुतवते. एक बोट कमी, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही.

आमच्या घरात लाकूड आणि लोखंड दोन्ही होतं. चाकाचं लाकूड यांच्या हातचं, म्हणजे माझ्या यजमानांच्या, आणि लोखंड मामंजींच्या हातचं. मामंजी म्हणजे माझे सासरे. गावभर त्यांना तात्या मिस्त्री म्हणत. बापलेकांचं आपसात बोलणं फारसं नव्हतं. जे काही होतं ते चाकात भेटायचं.

माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात मराठी आणि गल्लीत कानडी. तिकडे बायका चाकाला गाली म्हणायच्या आणि बांगडीला बळे. मला शब्दांचा नाद लहानपणापासून. मराठी चौथी झाले तेवढीच माझी शाळा, पण एका वस्तूला दोन घरांत दोन नावं कशी, याचा विचार करत मी भाकरी करपवलेली आहे. सासरी आले तर इथे गोलाचे शब्द इतके की मोजायला दोन हात पुरेनात. तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्याच्या, तोंडाला बसवतात ते कडं. ओढकामाच्या दोराचं वेटोळं. गुंडाळलेल्या पट्टीचा वेढा. चाक जमिनीवर एकदा पूर्ण फिरवलं की एक फेरा. झाडाला आळं, चंद्राला खळं आणि माणसं उगीच जमली की कोंडाळं. या घरात नुसतं ‘गोल’ कुणी म्हणतच नसे. गोल म्हणजे काय ते काय दाखवायचं आहे त्यावर ठरायचं.

एक शब्द मात्र घरात बंद होता, आणि तो नेमका मी पहिल्याच महिन्यात बोलले. यांनी नवं चाक उभं केलं होतं. अजून धाव चढायची होती. बाभळीचा तो लालसर रंग, बारा आरे, तासून गुळगुळीत झालेली कड. मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, कौतुकानं म्हटलं, ‘किती वाटोळं झालंय चाक.’ आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं. हे तिथेच होते, त्यांनी मान खाली घातली. माझ्या माहेरी वाटोळं म्हणजे गोलच. भाकरी वाटोळी, चेहरा वाटोळा. पण वाटोळं होणं म्हणजे सत्यानाश होणं, हेही मला माहीत होतं की. तरी जीभ घसरली.

‘आगं पोरी,’ आत्याबाई हळूच म्हणाल्या, ‘चाकाच्या घरात त्यो सबूद काडत न्हाईत. चाक भरलं म्हनावं.’

त्या दिवसापासून मी चाक भरलं म्हणायला शिकले. चंद्र भरतो, ओटी भरते, तसं चाक भरतं. आत्याबाईंनी त्या चाकावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, आणि मामंजींच्या कानावर ही गोष्ट जाऊ दिली नाही. पण ते भिंतीपलीकडे होते. त्यांना ऐकू चांगलं यायचं.

वळण या शब्दाचं मला फार वाटतं. रस्त्याला वळण असतं, ओढ्याला असतं, अक्षराला असतं. मास्तर माझ्या पाटीवरच्या ‘ळ’कडे बघून म्हणायचे, वळण चांगलं आहे. आणि मुलीलाही वळण असतं. आईनं मला वळण लावलं म्हणजे काय केलं? पदर ढळू द्यायचा नाही, उंबऱ्यात बसायचं नाही, थोरांसमोर बोलायचं नाही. यांनी मला एकदा दाखवलं होतं की चाकाच्या बाहेरचे तुकडे सरळ लाकूड वाकवून करत नाहीत. झाडातच बाक असलेली फांदी हेरायची, ती तोडून तीन-तीन वर्षं सावलीत वाळवायची आणि मग तासायची. म्हणाले, ‘वाकवल्यालं लाकूड मनात धरतं. कवातरी सरळ हुतंच.’ मला तेव्हा हसू आलं. आता येत नाही.

मामंजी माझ्याशी बोलत नसत. सासऱ्यानं सुनेशी बोलायचं नाही, अशीच रीत होती. पाणी हवं असेल तर ते भिंतीकडे बघून म्हणायचे, ‘पाणी आनाया सांगा.’ फक्त धाव चढवायच्या वेळी त्यांचा एक शब्द माझ्याकडे यायचा. पाणी ओतायचं काम घरातल्या बायकांचं. आत्याबाई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर. चार गडी सांडशींनी लाल धाव उचलून चाकावर ठेवायचे, घण बसायचे, लाकूड धुरायचं, मधूनच पेटायचं, आणि मामंजी म्हणायचे, ‘वता.’ आम्ही ओतायचो. वाफेत कुणी कुणाला दिसत नसे. वाफ विरली की मामंजी चाकाजवळ उकिडवे बसून कान द्यायचे. चाक आवळताना आतून बारीक कुरकुरतं. ती कुरकुर थांबली की त्यांचा चेहरा सैल पडायचा.

त्या उन्हाळ्यात मामंजींची नजर गेलेली होती, आणि हे घरात कुणीही बोललेलं नव्हतं.

एकदम गेली नाही. आधी ते उंबऱ्याला ठेचकाळले. आत्याबाई म्हणाल्या, घेरी आली असंल. मग त्यांनी सांडशीऐवजी पाण्याची बादली उचलली. पुन्हा घेरी. पुढे ते ओळखीच्या माणसाला ‘कोन हाय?’ विचारू लागले, तेव्हाही आत्याबाईंनी घेरीच सांगितली. मी मनात म्हणायचे, घेर, घेरा, घेरी, हे सगळे एकाच घरातले शब्द. मधल्याला वेढून टाकतात आणि आत काय आहे ते दिसू देत नाहीत. डोळ्यांच्या बुबुळावर पांढुरकी कोर आलेली मी स्वतः पाहिली होती. पण सुंभ जळेल आणि पीळ जळणार नाही, तसे मामंजी. ते आगटीसमोर बसत, गालाला लागणाऱ्या आचेवरून आणि गोवऱ्यांच्या आवाजावरून अंदाज घेत, आणि लोखंड लाल झालं की पूर्वीसारखंच म्हणत, ‘गुंज झाली. उचला.’ गुंजेच्या बीसारखा लाल रंग, म्हणून गुंज. त्याच्या आधी लोखंड उचललं तर चाकावर बसत नाही, आणि उशीर झाला तर लाकूड जाळतं.

आता मापाचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

चाकाच्या कडेला चुन्याचा टिपका लावायचा. टिपका जमिनीला टेकवायचा, तिथे रेघ मारायची, आणि चाक सरळ ढकलत न्यायचं. टिपका पुन्हा जमिनीला टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे चाकाचा घेर, मातीवर सरळ पसरलेला. मला हे बघायला फार आवडायचं. गोल वस्तू एक फेरा घेते आणि जमिनीवर एक सरळ रेघ ठेवून जाते. हे माप मामंजी स्वतः घेत. त्यांच्या मापावर दुसऱ्यानं माप घेणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडणं. हे स्वतःही तसं कधी करत नसत.

बिरूदादा वडाळ्याकडचा धनगर. दोन वर्षं पाऊस नाही म्हणून मेंढरं भावाकडे ठेवून त्यानं गाडी केली होती, आणि स्टेशनावरून गिरणीत कापसाच्या गाठी वाहायचा. त्याचं एक चाक पूर्ण नवं करायचं होतं. यांनी ते आठवडाभर खपून केलं. त्या सकाळी हे आगटी रचत होते. मी दारात घागर घेऊन उभी होते. मामंजींनी टिपका हातानं चाचपून जमिनीला टेकवला, रेघ मारली आणि चाक ढकलत निघाले.

बिरूदादाच्या गाडीतून कापूस सगळीकडे सांडलेला असायचा. चाकाच्या कडेला, टिपक्याच्या दोन बोटं अलीकडे, कापसाचा एक पुंजका चिकटला होता. चाक फिरत आलं. पांढरं काहीतरी खाली जाताना मामंजींना धूसर दिसलं असावं. ते थांबले आणि त्यांनी रेघ मारली. टिपका जमिनीला टेकायला अजून दोन बोटं होती, म्हणजे धाव एका बोटाऐवजी तीन बोटं लहान होणार होती.

मी पाहिलं. माझ्यापासून चार हातांवर, लख्ख उजेडात, मी ते पाहिलं. तोंडात शब्द आला, ‘थांबा.’ एवढाच. आणि आईनं लावलेलं वळण आडवं आलं. सुनेनं सासऱ्याला चारचौघांत थांबा म्हणायचं? मी घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. मनाला समजावलं, त्यांच्या हाताला कळेल, यांना कळेल, कुणाला तरी कळेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी पोरांना अनेकदा ऐकवली आहे. त्या दिवशी कळसा माझ्या काखेत होता आणि मीच जगभर वळसा घालत होते.

धाव चढेना. घणावर घण घालून कशीबशी बसवली. ‘वता,’ मामंजी म्हणाले. आम्ही ओतलं. वाफ उठली. नेहमीची कुरकुर सुरू झाली, पण थांबली नाही, वाढत गेली, आणि मग आतून असा आवाज आला की आगटीजवळची माणसं मागे सरली. वाफ विरल्यावर पाहिलं तर दोन आरे मोडले होते आणि एक तुंब्यातून बाहेर आला होता. चाक एका बाजूनं पोटात गेलं होतं.

गड्यांनी सांडशी खाली ठेवल्या. मामंजींनी हात फिरवला. मोडक्या आऱ्यावर हात थांबला. मग ते म्हणाले, ‘लाकूड वलं व्हतं.’

यांनी बापाकडे पाहिलं. तीन वर्षं वाळवलेलं लाकूड होतं ते, त्यांनी स्वतः उलथंपालथं करून वाळवलेलं. त्यांच्या ओठांची हालचाल झाली. पण बापाला उलटून बोलायचं नाही, हे वळण त्यांनाही होतंच. ‘व्हय,’ हे म्हणाले. ‘आसंल वलं.’

बिरूदादा चाकाजवळ बसला. चिडला नाही, हेच वाईट. म्हणाला, ‘तात्या, हितं मोडलं त्ये बरं झालं. स्टेशनाच्या उतारावर भरल्या गाडीत मोडलं आसतं, तर म्या खालीच व्हतो की.’

तो सहज बोलला. पण मामंजींचा हात आऱ्यावरून निघाला आणि मांडीवर पडून राहिला. त्या दिवशी त्यांनी दुसरं चाक घेतलं नाही.

रात्री यांनी चतकोर भाकरी खाल्ली आणि ताट सारलं. मोडलेल्या आऱ्याचा तुकडा त्यांनी आत आणला होता. नखानं खरवडला तर कोरडा भुसा पडत होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘वलं म्हनं.’ मी ऐकून घेतलं. दोन दिवसांत गल्लीबाहेर गोष्ट गेली, धाकल्या मिस्त्रीनं ओलं लाकूड घातलं. येणारा माणूस आधी चाकाला नाक लावायचा आणि विचारायचा, ‘वाळल्यालं हाय न्हवं?’ दोन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. हे बोलायचेच कमी, आता ते लाकडाशीसुद्धा बोलेनात. पूर्वी फांदी हातात घेऊन तिला दोन शब्द विचारल्याशिवाय त्यांचा तासायचा वाकस चालत नसे. आणि मी त्यांच्या ताटात भाकरी वाढताना, पाणी देताना, अंथरूण घालताना एकच गोष्ट गिळत होते. खरं बोलले तर मामंजी जात होते, आणि गप्प बसले तर हे जात होते. शिवाय बिरूदादाच्या बोलण्याचा मी धसका घेतला होता. पुढचं चुकलेलं चाक अंगणात मोडेलच असं थोडंच होतं?

मग मी जे केलं ते आडवळणाचं होतं. शेजारी पद्मशाली विणकरांचं घर होतं. तिथली नरसम्मा दिवसभर ओसरीत राट्नम, म्हणजे रहाट, फिरवत कांड्या भरायची. तिच्याकडून मी लाल सुताची गुंडी मागून आणली. पुढच्या चाकाचं माप व्हायच्या आत त्या चाकाच्या कडेला, टिपक्याच्या बरोब्बर समोर, सुताचे आठ-दहा वेढे घट्ट गुंडाळले. आत्याबाईंनी विचारलं, तर म्हटलं दृष्टीचा दोरा. चाक मोडलं होतं, दृष्ट काढणं रास्तच होतं. त्यांनी तर वर काजळाचा ठिपका लावला.

टिपका खाली टेकवला की दोरा वर येतो, नेमका चाक धरलेल्या हाताखाली. मामंजींचा तळवा दोऱ्यावर पडला. ते थांबले. बोटांनी वेढे चाचपले. मी दारात घागर घेऊन उभी, नजर त्यांच्या बोटांवर. मग त्यांनी रेघ मारली, चाक ढकललं, हाताखालून दोरा निघून गेला, फेरा घेऊन परत वर आला, हात त्याच्यावर पडला, आणि ते थांबले. टिपका जमिनीला टेकला होता. केसभरही फरक नव्हता.

त्या उन्हाळ्यातली पुढची सगळी चाकं दोऱ्यावर झाली. कुणी काही विचारलं नाही. लोक तर दोरा बांधून मागू लागले, तात्यांच्या दोऱ्याचं चाक लाभतं म्हणून. मामंजींनीही एक शब्द काढला नाही. फक्त कधीकधी चाक पुढ्यात आलं आणि दोरा बांधायचा राहिला असला, तर ते चाकाला हात न लावता बसून राहायचे. मी लगबगीनं जाऊन बांधायचे आणि मागे सरायचे. आम्हा दोघांत तेवढंच बोलणं होतं आणि ते मला पुरत होतं.

पण दोऱ्यानं माप सांभाळलं, यांच्यावरचा आळ काही पुसला नाही. आळ आणि आळं यांत एका टिंबाचा फरक. झाडाचं आळं तरी पाणी धरून ठेवतं. यांच्यावरचा आळ त्यांना कोरडं करत चालला होता. बिरूदादाचं चाक हे पुन्हा नव्यानं करत होते, स्वतःच्या लाकडाचं आणि स्वतःच्या घामाचं. या वेळी त्यांनी पाच वर्षांपूर्वीची फांदी काढली. वाळलेली बाभूळ तासताना इतकी कडक लागे की वाकसाला दिवसातून तीनदा धार लावावी लागायची. तासताना ते मध्येच थांबायचे आणि लाकूड गालाला लावून बघायचे. माझ्यानं ते बघवायचं नाही.

वैशाखाच्या शेवटी ते चाक भरलं. त्या सकाळी दिवस उगवायच्या आधीच सगळे जमले. कोवळ्या उजेडात लोखंडाचा रंग खरा दिसतो. बिरूदादा आला होता, सांडशी धरणारे चार गडी होते, मोडलेल्या चाकाची गोष्ट ऐकलेले गल्लीतले पाचसात जण उगीच कोंडाळं करून उभे होते. माप दोऱ्यावर झालं. आगटी पेटली. गोवऱ्या लाल झाल्या. मी आणि आत्याबाई घागरी घेऊन आपापल्या जागी उभ्या राहिलो.

वारा सुटला होता. वारं असलं की आच एका अंगाला जाते, गालाला खरी लागत नाही. मामंजी आगटीच्या एका बाजूला बसले, उठले, दुसऱ्या बाजूला गेले. मान तिरपी करून त्यांनी ऐकलं. गडी सांडशी घेऊन वाट बघत होते. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. लोखंड अजून काळपट लाल होतं, आणि त्यांनी अंदाजानं ‘गुंज झाली’ म्हटलं असतं तर मी पुन्हा गप्प बसले असते की नाही, हे माझं मलाच माहीत नव्हतं.

मामंजींनी तोंड माझ्याकडे वळवलं. बरोबर माझ्याकडे. मी कुठे उभी असते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

‘सूनबाई,’ ते सगळ्यांदेखत म्हणाले, ‘रंग कंचा हाय?’

तीन वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा हाक मारली होती. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. यांनी बापाकडे पाहिलं. कोंडाळ्यातला कुणीतरी खोकला. मी आगटीकडे पाहिलं आणि बोलले.

‘जांभळाचा हाय अजून.’

‘आता?’

‘जांभूळ सुटलं. लाल व्हतंय.’

‘बिगीनं सांग.’

‘गुंज,’ मी म्हटलं. आवाज मोठा निघाला. ‘गुंज झाली.’

‘उचला,’ मामंजी म्हणाले.

धाव चाकावर बसली. घण पडले, लाकूड धुरलं, पाणी पडलं. वाफ विरेपर्यंत कुणी हललं नाही. चाक आतून कुरकुरलं, हळूहळू कमी झालं आणि थांबलं. मामंजी चाकाला कान लावून बराच वेळ बसले. मग उठून त्यांनी बिरूदादाचा खांदा चाचपून धरला.

‘बिरू, त्या दिसाचं लाकूड वलं न्हवतं,’ ते म्हणाले. ‘खणखणीत वाळल्यालं व्हतं. माप माजं चुकलं. माजी नजर गेलीया.’

बिरूदादानं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. हे हातोडी घेऊन चाकाभोवती फिरत होते, धाव नीट बसली का ते ठोकून बघत. एक फेरा पुरतो. त्यांनी तीन फेरे घातले. तोंड आमच्याकडे वळू नये म्हणून घालत होते, हे मला आणि आत्याबाईंना कळलं. बिरूदादा ते चाक जोडून गाठी आणायला स्टेशनाकडे गेला, आणि पुढे कित्येक वर्षं ते त्याच्या गाडीखाली होतं.

संध्याकाळी मी अंगण सारवत होते. मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांनी चाकावरून सोडून घेतलेला लाल दोरा बोटाभोवती गुंडाळला होता. भिंतीकडे न बघता ते माझ्याशी बोलले.

‘दोरा तुजाच न्हवं?’

‘व्हय.’

‘मंग त्या दिशीबी बघितलं व्हतंस.’

माझा शेणाचा हात जमिनीवरच राहिला. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं, ‘व्हय.’

बोटावरचा दोरा त्यांनी उलगडला आणि पुन्हा गुंडाळला. मी रागाची वाट बघत होते. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

‘मंग थांबा म्हनायचं की, पोरी,’ ते म्हणाले.

एवढंच. पुढच्या आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ सुनावलं, त्यातलं बरंचसं मी विसरले. हे वाक्य अजून तसंच आहे. यांनाही मी हे सगळं सांगितलं, पण फार उशिरा, पोरं मोठी झाल्यावर. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, ‘कापूस व्हता व्हय?’ मग चुन्याच्या डबीशी चाळा करत बसले.

मी सोलापुरात म्हातारी झाले. गल्लीत आता घरोघर पोरीबाळी बिनदिक्कत बोलतात, कधीकधी जरा जास्तच बोलतात, आणि मी त्यांना वळण लावायला जात नाही. लाकूड वाजलं की मात्र माझं मन सगळं सोडून त्याच्या पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात जातं.

त्या चैत्रात पहिलं चाक आलं तेव्हा मामंजींनी टिपका लावला, दोऱ्यासाठी थांबले नाहीत. म्हणाले, ‘सूनबाईला सांगा, म्होरं यायला,’ आणि मग स्वतःच हसले, कारण मी समोरच होते. मी घागर उतरवली, चुंबळ खांद्यावर टाकली आणि रेघेजवळ जाऊन उभी राहिले. गाडीवान बघत होता, हे बघत होते. चाक निघालं. चुन्याचा टिपका वर गेला, पलीकडे उतरला, आणि खाली येऊ लागला. जमिनीला टेकला तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, ‘थांबा.’

मामंजी थांबले.